जमाखर्चात न बसलेली रक्कम

संस्था काढायला सगळ्यात आधी सात सह्या लागतात. तळमळ, ध्येय, उद्दिष्टं हे सगळं त्यानंतर. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं हवीत, आणि त्या रविवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सहाच होतो. सातवे गृहस्थ ऐनवेळी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाले आणि गेले ते गेलेच. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी आमटीचा डबा परत द्यायला आल्या. डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात चार नारळाच्या वड्या. वड्या मी बशीत काढल्या आणि वहिनींच्या हातात पेन दिलं.

‘अहो, कशावर सही करतेय ते तरी सांगा!’

‘करा तर खरं. चहा टाकते, मग सांगते.’

नदीकाठच्या वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका, इतकीच आमची कल्पना होती. डबा द्यायला आलेल्या वहिनी अकरा वर्षं टिकल्या. सुरुवातीला मोठमोठे बोलणारे दोघे दुसऱ्या दिवाळीपर्यंतही टिकले नाहीत. पहिल्या सभेच्या इतिवृत्तात मात्र ‘समविचारी नागरिकांनी एकत्र येऊन विचारविनिमयांती’ असं वाक्य आहे. ते मीच लिहिलंय.

मी खजिनदार झाले, कारण एकतीस वर्षं बँकेत काढली होती आणि बाकी कुणाला व्हाउचर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. स्थापनेच्या फोटोत अध्यक्ष मधोमध असतात, पाहुण्यांच्या खांद्यावर शाल असते, समई असते. खजिनदार कडेला, बहुधा अर्धा कापलेला. त्यामुळे मला एक खोड लागली. कुठल्याही जुन्या संस्थेची गोष्ट मी कडेकडून वाचते. भाषण काय झालं हे नंतर, आधी भाडं कुणी भरलं ते बघायचं. पुण्यात राहून ही खोड लागली, की माणूस फिरून फिरून एकाच ठिकाणी पोचतो: हिंगण्याला, धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांच्या झोपडीपाशी.

पाटीवरचं नाव

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. चिटणीस, म्हणजे प्रत्यक्षात सगळं काही, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे अण्णा कर्वे.

नावाकडे नीट बघा. संस्था विधवांसाठी होती. इंग्रजीत तिचं नाव सरळ ‘हिंदू विडोज होम’ असंच होतं. मराठी पाटीवर मात्र ‘विधवा’ हा शब्द नाही. तिथे ‘अनाथ बालिका’. मला यात कर्व्यांचं गणित दिसतं. इंग्रजी नाव वर्गणी देणाऱ्या सुशिक्षितांसाठी होतं. मराठी नाव होतं त्या बापासाठी, ज्याला आपली बारा-चौदा वर्षांची विधवा मुलगी कुणाच्या तरी हवाली करायची होती. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट पाटीवर वाचायला लावून त्याला आणखी लाज कशाला आणायची?

सांभाळून पावलं टाकायला कारणंही होती. पुण्यात विधवांसाठी दार उघडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आलं आणि तीनच वर्षांत धर्मांतराच्या वादात सापडलं. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर दोघेही त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तेच भांडारकर तीन वर्षांनी कर्व्यांच्या मंडळीचे अध्यक्ष झाले, तेव्हा सगळ्यांचंच तोंड एकदा दुधाने पोळलेलं होतं.

त्यात चिटणीस स्वतःच ‘बाटलेला’. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्यावर कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण, आठव्या वर्षी विधवा झालेली, शारदा सदनातल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. लग्नाची तारीख शारदा सदनाच्या वाढदिवसाची, हे लक्षात आलं असेलच. कोकणात त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. म्हणजे विधवेशी लग्न केलेला माणूस आता लोकांच्या दारी जाऊन म्हणणार होता, ‘तुमची विधवा मुलगी माझ्याकडे शिकायला पाठवा.’

यावर त्यांनी काढलेला तोडगा सुधारकांनाही रुचला नाही. आश्रमात शिक्षण मिळेल, पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही. १८९३ च्या अखेरीस ज्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली, तेच कर्वे पुढे त्या मंडळीच्या चिटणीसपदावरून बाजूला झाले. सनातन्यांना ते सुधारकच वाटत राहिले, आणि सुधारकांना वाटलं, गडी कचरला. मला विचाराल तर तो बाजूला झाला, कारण मुलगी एकदा शिकून पायावर उभी राहिली की पुढचं तिचं ती ठरवेल, एवढा हिशेब त्याला येत होता.

आमच्या अभ्यासिकेच्या नावात आम्हाला ‘वस्ती’ हा शब्द हवा होता. आमच्या मते तो प्रामाणिक शब्द. कच्चा मसुदा घेऊन वस्तीत गेलो, तर एक आई म्हणाली, ‘पोराच्या पत्त्यात वस्ती हायेच की ताई, परत पाटीवर कशाला?’ आम्ही खाली माना घालून परत आलो आणि शब्द काढला. मराठी पाटी कुणासाठी असते हे कर्व्यांना १८९६ मध्ये कळलं होतं. आम्हाला ते एका बाईने उभ्या उभ्या शिकवलं.

पहिले हजार

सुरुवातीला आश्रमाला इमारत नव्हती. पहिल्या विधवा कर्व्यांच्या राहत्या घरीच आल्या. भांडवल म्हणून कर्व्यांनी स्वतःच्या गाठीची हजार रुपयांची पुंजी घातली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कर्व्यांसारख्या आजीव सदस्यांना तेव्हा महिना पंचाहत्तर रुपये मिळत, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या हजाराचं वजन कळतं. वर्षाच्या पगाराहून मोठी रक्कम, आणि घरात पोरंबाळं.

पुढे कॉलेजला सुट्टी लागली की अण्णांची वर्गणीची फेरी सुरू. ते वक्ते नव्हते. सभा गाजवणं त्यांना जमत नसे. माणूस बुटका, किरकोळ. १८७५ मध्ये परीक्षा द्यायला मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल चालत गेले, तर तिथल्या साहेबांनी ‘हा सतराचा दिसतच नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. अशा माणसाने पैसे मागायचे म्हणजे रुबाबाच्या जोरावर मागता येत नाहीत. मग उरतो फक्त हिशेब. कर्वे पै-पैचा हिशेब ठेवत आणि तो लोकांपुढे मांडत. चार आणे देणाऱ्यालाही आपले चार आणे कुठे गेले हे कळलं पाहिजे. पुण्यात हा गुण भाषणापेक्षा जास्त चालतो. इथला माणूस शंभर रुपये देताना एकदा विचार करतो आणि पावती वाचताना तीनदा.

देणगी या विषयावर खजिनदारांची एक खाजगी भाषा असते. ‘रोख’ आणि ‘वस्तुरूप’. वस्तुरूप म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. पहिल्याच वर्षी एका सद्गृहस्थांनी टेम्पो भरून दप्तरं पाठवली. त्रेसष्ट दप्तरं, त्यातल्या एकावन्नांची चेन तुटलेली. टेम्पोचं भाडं आमच्या माथी, आणि वर कौतुकाचं पत्रही हवं. पावतीवर काय लिहायचं? ‘दप्तरे, नग ६३’ असं लिहिलं आणि शनिपारापाशी बसणाऱ्या एका चेनवाल्याला बोलावलं. त्याने दोन दिवस वस्तीत बसून एकेक चेन बसवली, सामानाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. त्याचं नाव आमच्या देणगीदारांच्या यादीत नाही, कारण त्याने पावती मागितली नाही.

हे चेनवाल्याचं मनात ठेवा. पुढे कामाला येईल.

सहा एकर आणि साडेसातशे रुपये

१८९७ पासून पुण्यात प्लेगने थैमान मांडलं. घरं रिकामी करायची, गावाबाहेर छपरं घालून राहायचं, साथ ओसरली की परत यायचं. अशा शहरात दहा-बारा बायकांचं वसतिगृह चालवणं म्हणजे रोजचा घोर. शिवाय गावातल्या नजरा होत्याच. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे बुद्रुकजवळची आपली सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये. १९०० मध्ये आश्रम तिथे गेला.

आज त्या जागेला कर्वेनगर म्हणतात आणि तिथे साधी एक खोली भाड्याने घ्यायची तरी डोळे पांढरे होतात. तेव्हा ते माळरान होतं. पुण्यापासून चार मैल, आणि वाट पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचे, तिथे बायकांना शिकवायचे, मुक्काम करायचे आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजला. आश्रमाला लागणारं सामानसुमानही बरोबर.

मी एकदा हे अंतर चालून बघितलं. फर्ग्युसनच्या दारातून निघाले. डेक्कन, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप. डोक्यावरून मेट्रो जात होती. कर्वे पुतळ्यापर्यंत पोचेतो दोनदा बसले. तिथून डावीकडे कर्वेनगरात उतरले तेव्हा दीड तास होऊन गेला होता, आणि माझ्या पिशवीत पाण्याची बाटली व छत्री सोडून काही नव्हतं. येताना रिक्षा केली. अण्णांनी ही पायपीट वर्षानुवर्षं केली. जीव धडधाकट राहिला आणि एकशे चार वर्षं जगला. आमच्या वहिनींचं यावर मत असं, की संस्था काढणाऱ्याला पगार नाही दिला तरी चालेल, चालायला लांबचं अंतर द्यावं.

गमतीचा भाग सोडा. पण या चार मैलांच्या गोष्टीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. अण्णा संध्याकाळी हिंगण्याला गेले, तर त्यांच्या घरी त्या रात्री कोण होतं?

बाया

घरी गोदूबाई होत्या. लग्नानंतर आनंदीबाई, सगळ्यांच्या ‘बाया’. त्यांचं बिऱ्हाड शहरात, आश्रम हिंगण्यात. कारण उघड होतं. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरते म्हटल्यावर सनातनी घरची कुठली मुलगी तिथे आली असती? ज्या कामासाठी नवऱ्याने आयुष्य वाहिलं, त्या कामाच्या अंगणात बायकोच्या असण्याचीच अडचण. विधवेला आधार देणाऱ्या आश्रमाला, वैधव्यातून बाहेर आलेली बाई दारात चालत नव्हती. हा पेच एखाद्या नाटकात घातला असता तर आपण म्हणालो असतो, फारच जुळवून आणलंय.

पैशांचंही तसंच. अण्णांनी आयुष्याचा विमाही आश्रमाच्या नावे करून टाकला. प्रपंचासाठी मागे ठेवलेली ती शेवटची फळी. बायांनी पुढे ‘माझे पुराण’ लिहिलं, त्यात ही चीड त्यांनी झाकलेली नाही. घरखर्चावरून झालेली भांडणं, मुलांची आबाळ, आल्यागेल्याचं करता करता उडालेली त्रेधा, सगळं त्या सांगतात. मुळुमुळु रडत बसणारी ही बाई नव्हती. हाताशी काहीतरी असावं म्हणून नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आली.

ते पुस्तक मी बँकेत असताना पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मनात म्हटलं, काय ही कटकट करते, एवढ्या थोर माणसाच्या मागे! खजिनदार झाल्यावर दुसऱ्यांदा वाचलं. तेव्हा जाणवलं, की आश्रमाच्या जमाखर्चात जी रक्कम कुठेच दिसत नाही, ती ही बाई एकटी लिहून ठेवतेय. अण्णा आश्रमाची पै न पै टिपत होते, आणि बाया घरातून गेलेली पै न पै. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तरच ताळेबंद जुळतो.

त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांनी सासऱ्यांवर लिहिलं आहे, तेही असंच डोळे उघडे ठेवून. अशा माणसाची सून व्हायला मिळालं हे भाग्यच, पण त्याची बायको झाले नाही हे त्याहून मोठं भाग्य, अशा अर्थाचं त्या लिहून गेल्या. एवढं स्पष्ट लिहायला घरचंच माणूस लागतं.

पार्वतीबाईंचं आलवण

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. देवरुखची, विशीत विधवा झालेली, पदरी एक मुलगा. केशवपन केलेली, अंगावर आलवण, सोवळंओवळं कडक. बहिणीने पुनर्विवाह केला हे त्यांना रुचलेलं नव्हतं. या बाई कर्व्यांच्या घरी आल्या, शिकल्या, आणि आश्रमाचा अर्धा भार त्यांनी उचलला. हिंगण्याला राहायला बाया चालत नव्हत्या, पण सोवळ्या पार्वतीबाई चालत होत्या. एकीला ज्या कारणाने दार बंद, दुसरीला नेमकं त्याच कारणाने उघडं.

पुढे त्या निधी गोळा करायला गावोगाव हिंडू लागल्या. आलवण नेसलेली, डोकं भादरलेली बाई सभेत उभी राहून बोलते, हेच तेव्हा अप्रूप. आणि तिच्याकडे बघून सनातन्यातला सनातनीही म्हणू शकत नसे, की हा आश्रम बायकांना बाटवतो. ज्या वेषाने समाजाने तिला कोपऱ्यात बसवलं होतं, तोच वेष तिचं ओळखपत्र झाला. आश्रमाची याहून बोलकी जाहिरात कुणाला सुचली नसती.

म्हणूनच पुढची गोष्ट मला मोठी वाटते. पुढे त्यांनी केशवपन सोडलं. ज्या वेषाने वर्गणी मिळत होती तो वेष, मनाला पटेना म्हणून, त्यांनी उतरवला. टीका झाली ती सोसली. आणि १९१८ मध्ये, वय अठ्ठेचाळीस, इंग्रजी जेमतेम, अशा स्थितीत बाई अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी काही जमलं तर जमवायचं म्हणून. तिथे लोकांच्या घरी कामाला राहिल्या, भांडी घासली. दोन वर्षांनी परत आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलंय, जणू देवरुखहून रत्नागिरीला जाऊन आल्या.

आमच्या संस्थेत एकदा कुणीतरी सुचवलं होतं, की पाहुणे येतील तेव्हा मुलांना जरा जुने कपडे घालून बसवू, देणगी बरी मिळते. सूचना करणारा माणूस वाईट नव्हता, त्याने कुठेतरी तसं पाहिलं होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘मग तुम्हीही बनियनवर या.’ विषय तिथेच संपला. मला मात्र पार्वतीबाई आठवल्या. कीव वाटावी असा वेष फायद्याचा असतो. तो उतरवायला धाडस लागतं, आणि पहिला तोटा खजिनदाराला दिसतो.

बाजूला ठेवलेली पुस्तिका

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं, १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ. विधवांपुरतं काढलेलं दार आता सगळ्या मुलींसाठी उघडू लागलं. आणि मग १९१५ मध्ये टपालाने एक पुस्तिका आली. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली, जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती. अण्णांनी ती चाळली आणि ठेवून दिली. संस्थेच्या कचेरीत येणाऱ्या छापील कागदांचं आपण सगळेच जे करतो तेच.

डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. आता भाषणात बोलायचं काय? पुस्तिका आठवली, शोधून काढली, वाचली, आणि भाषणाचा विषय ठरला: महिलांचं विद्यापीठ. ३ जून १९१६ रोजी ते सुरूही झालं. पहिल्या कॉलेजात विद्यार्थिनी किती? पाच. पाच मुलींचं विद्यापीठ! पुण्याने यावर काय काय विनोद केले असतील, ते पुणेकरांना सांगायला नको.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. हातात येणार होतं ते वर्षाचं व्याज, साडेतीन टक्क्यांनी बावन्न हजार पाचशे. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव दिलं गेलं. चार-चार आणे गोळा करत हिंडलेल्या माणसाला हा आकडा कसा वाटला असेल? पंधरा लाख मिळाले म्हणून अण्णांनी फिरणं काही सोडलं नाही. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी आणखी एक मंडळ काढलं आणि पुन्हा दारोदार निघाले. १९५८ मध्ये शंभरी भरली, भारतरत्न मिळालं, हयात असताना टपाल तिकिटावर छबी आली. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

या विद्यापीठाच्या पुण्यातल्या शाखेची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९९० च्या सुमारास तिथल्या दोन प्राध्यापिका, पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण, कचरा वेचणाऱ्या बायकांसोबत काम करू लागल्या. साक्षरतेपासून सुरुवात झाली, आणि बायकांचे खरे प्रश्न कळत गेले तसं काम बदललं. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या मंडळींनी दया मागितली नाही. त्यांनी हिशेब मांडला. या बायका रोज किती माल वेचतात, त्यामुळे महापालिकेचा किती वाहतुकीचा खर्च वाचतो, ते पैशांत दाखवलं. आजवर कुठल्याच जमाखर्चात न बसलेली रक्कम कागदावर आली, तेव्हा ओळखपत्रं आली, आरोग्य विमा आला, आणि २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा महापालिकेशी दारोदारच्या कचऱ्याचा करार झाला.

अण्णांची वही आणि बायांची वही पहिल्यांदा एकाच टेबलावर आली ती इथे, असं मला वाटतं.

भाऊबीज

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या घरांतून अजूनही महर्षी कर्वे संस्थेच्या भाऊबीज निधीची आठवण निघते. आमच्याकडे आई तो द्यायची. ओवाळणीच्या ताटातली रक्कम वेगळी, हिंगण्याची वेगळी. पावती ती देवघराच्या फडताळात ठेवायची, पंचांगाखाली. ती गेल्यावर फडताळ आवरताना पावत्यांचा गठ्ठा सापडला. पाच रुपये, अकरा रुपये, एकवीस. प्रत्येक पावतीवर वडिलांचं नाव. पैसे आईने घरखर्चातून वाचवलेले.

मागच्या वार्षिक सभेच्या आधी मी ठरवलं, की आपल्या अहवालात एक पान वाढवायचं. पावती न मागितलेल्यांचं. चेनवाला आला, वहिनी आल्या, संध्याकाळी फुकट चहा देणारा टपरीवाला आला. मग लक्षात आलं, की अकरा वर्षं खडू-फळ्यापासून सतरंज्यांपर्यंत सगळं सामान आमच्या घरच्या स्कूटरवरून गेलंय, आणि स्कूटर मला चालवता येत नाही. पेट्रोलचा खर्च मी कधी कुठे लिहिला नाही. संस्थेच्या वहीत नाही आणि घरच्याही नाही.

रात्री जेवताना यजमानांना सांगितलं, ‘या वर्षी तुमचंही नाव घालतेय. आणि पेट्रोलचा एक ढोबळ आकडा.’

त्यांनी भात कालवता कालवता विचारलं, ‘ऑडिटर व्हाउचर मागेल. कुठून देणारेस?’